चार नंबर बंद होता, तरी तापत होता

माझं काम झाडायचं, पुसायचं, पाणी भरायचं आणि चहा करायचा. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की म्हातारी फुशारकी मारते. मी चौथी पास आहे. वाचता येतं, नीट लिहिता येतं. एवढ्यावर मी नऊ वर्षं सर्व्हरच्या खोलीत काढली. त्यातल्या दोन दिवसांची अजून लाज वाटते. बाकीचे दिवस फरशीसारखे होते, पुसले की गेले.

खोली येरमाळ्यात, हायवेला लागून, टायरच्या दुकानाच्या माडीवर. खाली दिवसभर ट्रकची चाकं ठोकायचा आवाज आणि वर काचेच्या दाराआड थंडगार खोली. त्यात एक उंच लोखंडी कपाट, कपाटात एकावर एक सहा यंत्रं. कंपनी पुण्याची. द्राक्षवाल्या शेतकऱ्यांच्या बागेत कंपनीनं खांबावर डबे लावले होते. पाऊस किती, दव किती, पानं किती वेळ ओली, ते डबे मोजायचे आणि आमच्या यंत्रांना कळवायचे. यंत्रं हिशेब करायची आणि सकाळी सात वाजता शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप जायचा, आज फवारा किंवा आज थांबा.

सहा यंत्रांना मिळून क्लस्टर म्हणतात. लग्नघरी सहा बायका भाकरी थापायला बसतात ना, तसं. एकीचा हात दुखला तर तिच्या वाटणीचं पीठ बाकीच्या पाचजणी ओढून घेतात, पंगत थांबत नाही. पण ज्या बाईच्या पुढ्यात जास्तीचं पीठ पडलं तिला घाम फुटतो. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

या सहाजणींवर नजर ठेवायला एक स्क्रिप्ट होती. स्क्रिप्ट म्हणजे यंत्राला लिहून दिलेली कामाची यादी. आधी हे कर, मग ते कर, असं झालं तर तसं कर. नव्या सुनेला सांगतात तशी. फरक एवढाच की सून कधीतरी स्वतःचं डोकं चालवते, स्क्रिप्ट चालवत नाही. आमची स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी प्रत्येक यंत्राला विचारायची, जागं आहेस का, तापलंयस का. यंत्रं जुनी होती, त्यांचं आतलं तापमापक भलतंच सांगायचं. म्हणून प्रत्येक यंत्राच्या पाठीला बाहेरून एक मणी चिकटवला होता. मणी म्हणजे वायरीच्या टोकाला असलेलं काळं बोंड, त्याला गरम-गार कळतं. वायरीवर नंबरची चिठ्ठी. चार नंबरचा मणी तापला की स्क्रिप्ट चार नंबरचं यंत्र आपोआप बंद करायची आणि सगळ्यांच्या फोनवर बोंब मारायची.

हे सगळं मला वंदना मॅडमनी सांगितलं. त्या तिथल्या इंजिनियर. माहेर बेंबळीचं, राहायला धाराशिवला, रोज एसटीनं यायच्या. दोन लेकरं, नवरा शाळेत शिक्षक. मी लादी पुसता पुसता काही विचारलं तर त्या नीट उत्तर द्यायच्या. "मावशी, तुम्हाला कशाला पाहिजे" असं कधी म्हणाल्या नाहीत. आमचे साहेब मात्र तेवढंच म्हणायचे.

बाहेरच्या लोकांना ती खोली म्हणजे देऊळ वाटायचं. एकदा सोनारीचे एक आप्पा भांडायला आले. सत्तरीचे असतील. म्हणाले, "तुमची मशीन मला फवार म्हणली. म्या फवारलं. अन् तासाभरात पाऊस! समदं औषध धुऊन गेलं. कुठाय ती? मला दावा." साहेबांनी समजूत घातली, चहा पाजला, तरी आप्पा ऐकेनात. शेवटी त्यांना काचेपाशी नेलं. आप्पांनी चपला काढल्या, डोळ्यावर हात धरून आत पाहिलं आणि म्हणाले, "हीच व्हय? आमी उन्हात उभं राहायचं अन् ही एसीत बसून आमाला आक्कल शिकवती?" जाताना मात्र काचेला हात लावून नमस्कार केला. मी म्हटलं, "आप्पा, आत्ता तर शिव्या घालत हुताव." तर म्हणाले, "बाई, उद्याचा निरोप तर तिच्याच हातात हाय की."

खोलीच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता, मराठीत, ठसठशीत अक्षरात. 'कपाटाच्या मागील बाजूस कोणीही हात लावू नये.' तो मी पहिल्या दिवशीच वाचला होता.

आता त्या वर्षीची खंडेनवमी.

आपल्याकडं खंडेनवमीला हत्यारं पूजतात. शेतकरी नांगर पूजतो, सुतार रंधा पूजतो, खाली टायरवाल्यानं पाने आणि जॅक मांडून त्यावर लिंबू कापलं होतं. साहेब म्हणाले, "मावशी, आपल्याबी मशिनी सजवा. झेंडूचा हार आणलाय, कपाटाला घाला." वंदना मॅडम दोन दिवस रजेवर होत्या. दुसऱ्या दिवशी दसरा, त्यांच्याकडं बेंबळीला धम्मचक्राचा कार्यक्रम असतो, त्याच्या तयारीला गेल्या होत्या. खोलीत मी एकटी.

हार घातला. हळदकुंकू लावलं. मग वाटलं, पुढून सजवायचं आणि पाठ धुळीची ठेवायची, ही काय पूजा झाली? घरी मी पाटा पूजते तेव्हा आधी खालून घासते. मी मागं गेले. सहाही मणी अलगद काढले. पाठी कोरड्या फडक्यानं पुसल्या. मण्यांना हळदीचं बोट लावलं, आणि चिठ्ठ्या बघून नंबरवार परत चिकटवले. एक, दोन, तीन. मला आकडे येतात याचा तेव्हा अभिमानच वाटला.

लावले खालून वर. सगळ्यात खालच्या यंत्राला एक, सगळ्यात वरच्याला सहा. माझ्या आईच्या घरी डाळीदाण्याची उतरंड होती. उतरंडीत पहिलं मडकं खालचं, त्याच्यावर दुसरं, त्याच्यावर तिसरं. एकावर एक ठेवलेलं काहीही मी आजही खालूनच मोजते. कंपनीनं यंत्रं वरून मोजली होती. पुढच्या बाजूला नंबर होते, मागं नव्हते. मला वाकून पुढं येऊन बघायचं सुचलं नाही.

तर एकचा मणी सहाला, दोनचा पाचला, तीनचा चारला आणि चारचा तीनला. सगळी यंत्रं गार होती तोवर कुणाला काही कळलं नाही. सगळं ठीक चाललेलं असताना चूक दिसत नाही, ती गप पडून राहते.

दिवाळी झाली, भाऊबीज झाली. ऑक्टोबरात छाटलेल्या बागा फुलोऱ्यात आल्या आणि आभाळ भरून आलं. द्राक्षाला याहून वाईट वेळ नाही. फुलोऱ्यात पाणी साठलं की डावणी नावाची बुरशी येते, घड कुजतात, वर्ष जातं. फोन सारखे वाजत होते. आणि त्याच सोमवारी सकाळी स्क्रिप्टनं बोंब मारली, चार नंबर तापला. तिनं चार नंबर बंद केला. नियमाप्रमाणं.

वंदना मॅडमनी चारचं काम तीनवर टाकलं. तीन सगळ्यात ताकदीचं यंत्र. अर्ध्या तासात परत बोंब, चार नंबर आणखी तापला.

"बंद यंत्र तापतंय, मावशी," मॅडम म्हणाल्या. मी लादी पुसत होते. "असं होतं का?"

"न्हाय होत," मी म्हटलं. "इझलेल्या चुलीवर दूध उतू जात न्हाय."

त्यांनी चार नंबरचा मणी बदलला. मागं वायरींचा गुंता, त्यात हात घालून चिठ्ठी पाहिली, जुना मणी काढला, त्याच जागी नवा चिकटवला. नवा मणीही तेच सांगायला लागला. मग राहिली स्क्रिप्ट. उन्हाळ्यात ती उगीच ओरडायची म्हणून मॅडमनी तिच्यातल्या दोन ओळी बदलल्या होत्या. पुण्याच्या ज्या माणसानं ती लिहिली त्याला विचारूनच, पण फोनवर. कागदावर नाही. आता तोच माणूस फोनवर साहेबांना सांगत होता, तुमच्या बाईंनी स्क्रिप्टमध्ये हात घातला, आता निस्तरा. साहेबांनी फोन ठेवला आणि मॅडमना म्हणाले, "ही चूक तुमची निघाली तर मला तुम्हाला ठेवता यायचं नाही. वरून विचारतील."

 मॅडम स्क्रिप्ट उघडून एकेक ओळ वाचायला बसल्या. डबा उघडला नाही.

दुपारी मी मागची लादी पुसायला कपाटामागं गेले. मला यंत्रं कळत नाहीत, पण भांडं गरम आहे का गार ते हाताला कळतं. वरून चौथ्या यंत्राला हात लावला. गार, हंड्यासारखं. तिसऱ्याला लावला आणि झटकन काढला. तव्यासारखं. त्याच्या पाठीला चार नंबरचा मणी. बाकीच्या मण्यांवर माझ्या हळदीचे वाळलेले डाग.

मला सगळं एका क्षणात कळलं. तापत होतं तीन. बोंब मारली जात होती चारच्या नावानं. चार बंद करून त्याचं काम तीनवरच टाकलं होतं, म्हणून तीन आणखी तापत होतं. घाम एकीला आणि उठवली दुसरीला. स्क्रिप्टचा काही दोष नव्हता, वंदना मॅडमचा तर नव्हताच.

आणि मी गप्प बसले.

कारण सांगते, सबब नव्हे. दारावरचा कागद मी वाचलेला होता. नोकरी जायची भीती होती. त्याहून जास्त, साहेब चारचौघांत म्हणाले असते, अडाणी बाईला आत घेतलं की असं होतं. ते मला ऐकायचं नव्हतं. मणी गुपचूप बदलावेत असंही मनात आलं. पण तीनचा मणी तीनला लावला की स्क्रिप्ट तीनही बंद करणार, चार आधीच बंद. दोघींचं पीठ कुणाच्या पुढ्यात पडेल मला माहीत नव्हतं. म्हणून मी भेकडपणाचं काम केलं. लादी वाळवायच्या नावाखाली टेबलफॅन आणला आणि तीन नंबरच्या पाठीवर सोडला.

तासाभरात मणी थंडावला, बोंब थांबली. मॅडमनी तेवढ्यात स्क्रिप्टमधली एक ओळ बदलली होती. त्यांना वाटलं, त्यानंच झालं. चेहरा उजळला. मंगळवारी सकाळी त्यांनी पुण्याला कळवून टाकलं, दोष सापडला, दुरुस्त केला. मला म्हणाल्या, "मावशी, आज मी डबा खाणार." मी म्हटलं, "खावा." 

मंगळवारी दुपारी साहेबांकडं पाहुणे आले. साहेब आत आले. "हा पंखा इथं कशाला? लादी अजून वाळली न्हाय व्हय?" म्हणत उचलून आपल्या खोलीत घेऊन गेले. अर्ध्या तासात परत बोंब.

आता प्रकरण वाढलं. आधी नुसती चूक होती, आता मॅडम खोट्या पडल्या. दुरुस्त केलं म्हणून कळवलं आणि दुरुस्त नाही. पुण्याचा माणूस म्हणाला, उद्या अकराला मी स्वतः येतो. साहेबांनी कपाळाला हात लावला. मॅडमनी पर्समधून रुमाल काढला, डोळे पुसले नाहीत, नुसता हातात धरून बसल्या. बुधवारी सकाळी सातचा निरोप शेतकऱ्यांना नऊ वाजले तरी गेला नव्हता, कारण तीन नंबर आता धापा टाकत होता. सोनारीच्या आप्पांचाही फोन आला. मीच उचलला. "बाई, आज काय म्हणती तुमची मशीन? आभाळ फुटायला आलंय, म्या पंप भरून हुबा हाय."

मी म्हटलं, "जरा थांबा, आप्पा."

पुणेकर अकराला आले. लॅपटॉप उघडला. मी चहाचा ट्रे घेऊन आत गेले तेव्हा ते विचारत होते, "ही ओळ कुणी बदलली?"

"मी," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला फोनवर विचारून."

"मला आठवत नाही."

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मॅडम, मग मला पत्र तयार करावं लागेल."

मी ट्रे टेबलावर ठेवला. थोडा चहा सांडला. "साहेब, स्क्रिप्टचं काही न्हाय. मणी म्या उलटे लावलेत."

"मावशी, चहा ठेवा अन् जावा."

"जाते. आधी मागं चला अन् हात लावून बघा."

साहेब उठले नाहीत. पुणेकर उठले, बहुधा गंमत वाटून. मी त्यांना कपाटामागं नेलं. चारला हात लावायला सांगितला. "गार आहे," ते म्हणाले. मग तीनला. "आई गं!" म्हणून हात मागं घेतला, आणि मग वाकून हळदीचे डाग बघितले.

मी सगळं सांगितलं. खंडेनवमी, फडकं, उतरंड, पंखा.

साहेब ओरडले, "दारावरचा कागद वाचता येत न्हाय का तुमाला?"

"येतो. चौथी पास हाय."

"मग?"

"पूजेला चालतंय, असं वाटलं."

 मॅडमनी एकच विचारलं. "मावशी, तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "परवा दुपारी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि कामाला लागल्या. चार नंबर चालू केला. तीनचं सगळं काम चारवर घेतलं. मग सहाही मणी स्वतः काढून, पुढचे नंबर बघून, वरून खाली लावले. शेवटचा मणी लागला आणि पाच मिनिटांत स्क्रिप्टनं बोंब मारली, तीन नंबर तापला. तिनं तीन बंद केला. पुणेकर हसले. "स्क्रिप्ट शहाणी आहे हो," म्हणाले. "आणि मॅडम, त्या ओळीचं मला आता आठवतंय. तुम्ही विचारलं होतं." बरं झालं आठवलं. मला वाटतं त्यांना आधीही आठवत होतं.

तीन नंबर कपाटातून बाहेर काढून उघडला. आतला एक पंखा थांबलेला. त्याच्या दांडीला दोरा गुंडाळला होता, दोऱ्यात झेंडूच्या तीन-चार वाळक्या पाकळ्या. यंत्र पुढून हवा ओढतं, हाराचा सुटलेला दोरा आत ओढला गेला होता.

सगळे त्या दोऱ्याकडं बघत होते. हार घालायला साहेबांनी सांगितलं होतं. तो आणलाही त्यांनीच होता. साहेब घसा खाकरून म्हणाले, "हं. बरं, झालं गेलं," आणि पत्राचं पुन्हा कुणी काढलं नाही. ना मॅडमच्या, ना माझ्या. माझी नोकरी माझ्या खरेपणानं वाचली असं मी कुणाला सांगत नाही. ती त्या दोऱ्यानं वाचली.

दुपारी साडेबाराला निरोप गेला. साडेतीन तास उघडीप आहे, आत्ता फवारा, चारनंतर पाऊस. चारला पाऊस आला. पाचला आप्पांचा फोन, "बाई, फवारून झालं बरं का. तुमची मशीन शहाणी झाली." मी खुर्चीवर बसले. त्या खोलीत खुर्चीवर मी कधी बसत नसे. 

मॅडम माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. कामापुरतं हो, नाही. बरोबर होतं त्यांचं. मी माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, "चुकीचं मला काही वाटत नाही, मावशी. चूक माझ्याकडूनही झाली असती. पण सगळं माहीत असून तुम्ही मला डबा खाताना बघितलंत."  

पाचव्या दिवशी मी कामावर आले तर दारावरचा जुना कागद काढलेला. नवा कागद, मॅडमच्या हातचा. कपाटाच्या मागं प्रत्येक यंत्राला मोठे नंबर चिकटवलेले, आणि सगळ्यात वरच्यावर बाण, 'इथून मोजा.'

मॅडम खुर्चीतून म्हणाल्या, "वाचा, मावशी. मोठ्यानं. चौथी पास आहात ना?"

मी चष्मा लावला आणि वाचलं. "कोणतेही यंत्र बंद करण्यापूर्वी मागे जाऊन हात लावून पाहावे. काही हलवले असल्यास त्याच दिवशी सांगावे."

"त्याच दिवशी," मॅडम म्हणाल्या.

"व्हय. त्याच दिवशी."

मग मी बादली ठेवली, मागं गेले आणि वरून खाली सहाही यंत्रांना हात लावला. सगळी गार होती. बाहेर येऊन तसं सांगितलं. मॅडमनी मान हलवली आणि डब्याचं झाकण उघडून माझ्यापुढं सरकवलं.